गुहेत दोरावरून उतरताना

संपादक महोदय,

कड्यावरचे रॅपलिंग (दोरावरून उतरणे) शिकलेली मंडळी तेच साधन घेऊन उभ्या गुहांमध्ये उतरू लागली आहेत. गेली काही वर्षे नवख्यांना गुहेत उतरवत असल्याने हे पत्र लिहितो आहे.

'फिगर ऑफ एट', म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराचे ते उतरण्याचे साधन, लहान उतारावर ठीक. पण लांब दोराला ते पीळ घालते. शिवाय दोर ओवताना बहुधा ते कॅराबिनरमधून (कमरपट्ट्याला जोडणाऱ्या, उघडणाऱ्या धातूच्या कडीतून) सोडवावे लागते. अंधारात, चिखलाच्या हातांतून ते निसटले की संपलेच! लांब उतारासाठी रॅक, म्हणजे आडव्या दांड्यांमधून दोर नागमोडी ओवण्याचे साधन, बरा. वर असताना खालच्या दोराचे वजनच ब्रेकचे काम करते. जसजसे उतरावे तसतसे ते घटते आणि वेग वाढतो. तेव्हा आडवा दांडा वाढवायचा. मात्र रॅकमध्ये दोर उलट्या बाजूने ओवला, तर भार येताच दांडे उघडतात. माझ्या एका विद्यार्थिनीने तसाच ओवला होता. सुरक्षादोरी अजून अडकवलेली होती, म्हणून ती आज आहे. आधी साधनावर पूर्ण भार टाकून पाहायचा, मगच सुरक्षादोरी सोडायची, हे मी तेव्हापासून प्रत्येकाकडून मोठ्याने वदवून घेतो.

हँडल दाबल्यावर दोर सोडणाऱ्या बॉबिनवरही (हेही उतरण्याचेच एक साधन) विसंबू नये. घाबरलेला माणूस हात सोडत नाही, उलट घट्ट आवळतो. खालचा हात दोरावरच हवा. केस बांधलेले हवेत. आणि दोराच्या टोकाला गाठ हवीच, तळ दिसत असला तरी.

आपला,
एक गुहाप्रशिक्षक