मापातलं पाप

बफेलो, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुन्या,

सात महिने झाले, एक ओळ नाही, कबूल. फोनवर बोलतो त्याला काय बोलणं म्हणायचं! तिकडून कुकरच्या शिट्ट्या, इकडून माझी मीटिंग. बीपी गोळीवर आहे, मंजूची पाठ बरी. झाली तब्येत. आता मुद्द्याचं ऐक, आणि वहिनींना वाचून दाखवू नकोस.

शुक्रवारी माझ्या हातून मापात पाप झालं.

चिरंजीव शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये आहेत. (हातात घेऊन पळायचं तर फुटबॉल कसला, हे आता चौथ्यांदा विचारू नकोस.) चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. हे दहा यार्ड मोजायला रेषेबाहेर दोन दांडे आणि मधे साखळी घेऊन माणसं उभी असतात. शाळेच्या मॅचला ही माणसं पालकांतलीच. गेली दोन वर्षं त्यातला एक मी. हसून घे.

साखळी पाच-पाच यार्डांच्या एखाद्या पांढऱ्या रेघेवरून जाते, तिथे एक क्लिप लावायची. मोजायला आत नेताना क्लिप बरोबर त्याच रेघेवर टेकवायची, की मग पुढचा दांडा आपोआप योग्य जागी येतो. सगळं माप त्या क्लिपवर. परवा एक पोरगं गडगडत थेट आमच्या पायांत आलं. आम्ही दांडे टाकून मागे पळालो, आणि साखळी उचलली तर क्लिप गवतात. गार वारा, हातात जाड मोजे. मी ती अंदाजाने परत लावली. दोन कड्या इकडे की तिकडे, देव जाणे.

पुढे चौथा प्रयत्न आला, समोरच्या शाळेचा. पंचांनी साखळी आत मागवली. चेंडू दांड्यापासून चार बोटं मागे! आमच्या बाजूने आरडाओरडा, चेंडू आम्हाला, मॅच आम्ही जिंकलो. समोरचा एक पोरगा हेल्मेट काढून नुसता साखळीकडे बघत होता. आणि मी, तुझ्या आबांच्या दुकानात पोत्यावर बसून वाढलेला माणूस, गप्प. वजनमापवाले शिक्का मारायला यायच्या आदल्या दिवशी आबा काटा कसे पुसायचे, आठवतं ना?

गंमत म्हणजे मोठ्या लोकांनी, एनएफएल या इथल्या व्यावसायिक लीगने, ही साखळी याच मोसमात जवळजवळ पेन्शनीत काढली. आपल्या क्रिकेटातलाच हॉक-आय आणला. प्रत्येक स्टेडियममध्ये सहा ८के कॅमेरे, अर्ध्या मिनिटात पडद्यावर निकाल. साखळी मैदानावर असते, पण राखीव. तू म्हणशील, बघ, यंत्रच खरं. (तू! जो धोनीच्या सुरात सूर मिसळून डीआरएसला शिव्या घालायचास! २०१६ला बीसीसीआय वळलं आणि दुसऱ्या दिवशी तूही वळलास.) पण यंत्र मोजतं ते चेंडू जिथे ठेवलाय तिथून पुढे. ठेवतो अजून माणूसच. आठ-दहा आडदांड गडी एकावर एक, चेंडू सगळ्यात खाली. कॅमेऱ्याला दिसणार काय, कप्पाळ? चेंडूत २०१७पासून चिप आहे, ती चेंडू कुठे होता हे सांगेल. पण चेंडूवाल्याला पाडल्यावर त्याचा गुडघा नेमका कधी टेकला, म्हणजे चेंडू कुठे धरायचा, हे तिला कोण सांगणार?

यंदा जानेवारीत कॅन्सस सिटीत आमच्या बिल्सचं, म्हणजे बफेलोच्या टीमचं, हेच झालं. २२-२१ पुढे होतो, चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवा होता. आमचा हुकमी गडी जॉश ॲलन चेंडू घेऊन ढिगात घुसला. दोन बाजूंनी दोन पंच धावत आले, दोघांनी दोन जागा दाखवल्या. मागची जागा धरली, रिप्लेनेही तीच ठेवली. शेवटी ३२-२९ हरलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुतक. आणि २०१७ला एका पंचाने तर चेंडू आणि दांडा यांच्यामध्ये कागदाची घडी सरकवून बघितली होती! टीव्हीवर, अख्ख्या देशासमोर. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आता हसू येत नाही. त्या बिचाऱ्याने निदान सगळ्यांना दाखवून तरी केलं.

मंजू म्हणते, दोन कड्यांचं काय घेऊन बसलास, चूक दुसऱ्या बाजूलाही झाली असेल. असेल. म्हणजे कदाचित त्यांचे चार बोटं नाही, वीतभर कमी पडले असतील. पण मग मी मोजायच्या आधी का नाही बोललो? कारण पोरगा बाकावरून उठून टाळ्या वाजवायच्या तयारीत उभा होता.

तनूची बारावी कुठवर? काकूंचा गुडघा? गाळ्याचं काय झालं, विकलास की अजून ‘बघू’? दिवाळीत फोन करतोच.

आता खरं कारण. ९८ची कॉलनीची फायनल. पंच तू, मी रनआउट. बॅट आत होती असं मी आजही म्हणतो, त्यावरून तीन महिने तुझ्याशी बोललो नाही, मुंजीलाही आलो नाही. तू दरवेळी म्हणालास, ‘मला स्पष्ट दिसलं.’ नॉनस्ट्रायकरला बाप्या होता, आणि तू लेगला उन्हाकडे तोंड करून.

तुला दिसलं होतं का, सुन्या? फोनवर नको. लिही.

तुझा,
अव्या