कृष्णविवरांची टक्कर म्हणजे स्फोट नव्हे

महोदय,
कृष्णविवरांच्या मीलनाला सर्रास ‘महास्फोट’ म्हटले जाते. पण तिथे फुटत काहीच नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदलेल्या घटनेत सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन विवरे एकमेकांभोवती गरगरत एकजीव झाली. नवे विवर साधारण ६२ पटींचे. उरलेले ३ सूर्यांइतके वस्तुमान गुरुत्वीय लहरींची ऊर्जा होऊन निघून गेले. नवे विवर ठोका दिलेल्या घंटेसारखे क्षणभर थरथरले आणि शांत झाले.

अशी लहर जाताना अवकाश एका दिशेला ताणले जाते, त्याच वेळी काटकोनातल्या दिशेला आकसते. पुढच्या क्षणी उलट. म्हणूनच या लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या ‘लायगो’च्या प्रत्येक यंत्राच्या दोन्ही लांबलचक भुजा काटकोनात आहेत. ४ किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पट लहान होता! रस्त्यावरच्या ट्रकनेसुद्धा जमीन याहून कितीतरी जास्त हलते, त्यामुळे एकट्या यंत्रावर भरवसा ठेवता येत नाही. लायगोच्या लिव्हिंगस्टन येथील यंत्रानंतर सुमारे ७ मिलिसेकंदांनी दूरच्या हॅनफर्ड येथील यंत्रावरही तोच आलेख उमटला, तेव्हा खात्री पटली. दोन यंत्रांवरून दिशा मात्र नेमकी कळत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळचे लायगो-इंडिया त्यासाठीच हवे आहे. ते लवकर उभे राहावे.

– एक भौतिकशास्त्र शिक्षक