नेट स्लो नव्हतं, चोर आमच्याच घरात होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात इंटरनेट स्लो असल्याच्या तक्रारी अधूनमधून येतात, मीही तशीच एक लिहायला घेतली होती, अर्धी लिहूनही झाली होती, पण मग चोर घरातच सापडला म्हणून ती फाडून हे पत्र लिहितोय.

मी नाशिकरोडला राहतो, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेला माणूस, हिशोब जुळला नाही की मला झोप येत नाही. मुलगी डब्लिनला असते. दर रविवारी रात्री साडेआठला तिचा व्हिडिओ कॉल, आणि दिवाळीनंतर असं व्हायला लागलं की नात आम्हाला एकदम क्लियर दिसायची पण आम्ही तिला अडकत अडकत, मध्येच थिजलेले. "आजोबा, तुम्ही फोटो झालात" म्हणायची (आमच्या मंडळींना हे वाक्य अजिबात आवडलं नाही). नेटवाल्याला फोन केला, त्याचा पोरगा आला, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली आणि म्हणाला काका 40 एमबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला 40 मेगाबिट) प्लॅन आता पुरत नाही, 100 चा घ्या, महिन्याला तीनशे जास्त पडतील. कॉम्प्युटरकडे ढुंकूनही बघितलं नाही त्याने.

मी पैसे भरणारच होतो. पण शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला थांबा, आधी कॉम्प्युटर बंद करून मोबाइलवरून कॉल लावून बघा. लावला, तर लोण्यासारखा चालला! म्हणजे लाइन ठीक होती, गडबड कॉम्प्युटरमध्ये.

मग त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली आणि टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे कोणता प्रोग्राम काय खातोय ते दाखवणारी विंडोजची यादी. त्यात नेटवर्क असा एक कॉलम असतो, त्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त नेट खाणारा प्रोग्राम वर येतो. इतकंच. गेली सात वर्षं मी कॉम्प्युटर वापरतोय आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वर आला तो फोटो-व्हिडिओ क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, चढवणारा प्रोग्राम, 9.6 एमबीपीएसने चालला होता. तिथे जाणारं आणि येणारं वेगळं दिसत नाही म्हणून मुलाने सर्चमध्ये रेसमॉन असं टाइप करून रिसोर्स मॉनिटर उघडला, त्याच्या नेटवर्क टॅबमध्ये सेंड आणि रिसीव्ह असे वेगळे कॉलम आहेत. तिथे सेंडखाली बारा लाखाच्या आसपास आकडा! मी घाबरलो, पण ते बाइट्स आणि आधीचे बिट्स, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे बारा लाख गुणिले आठ, शहाण्णव लाख बिट्स, आणि दहा लाख बिट्सचा एक मेगाबिट, बरोबर 9.6. हिशोब जुळला तेव्हा बरं वाटलं.

आता खरी गंमत. आमच्या बिलावर बारीक अक्षरात लिहिलंय की 40 हा खाली यायचा स्पीड, वर जायला फक्त 10. त्यातले साडेनऊ हा प्रोग्रामच गिळत होता, मग आमचा चेहरा डब्लिनला पोचणार कुठून? आणि चढवत काय होता, तर आमच्या लग्नापासूनच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट. त्या मी दिवाळीत दुकानातून कॉम्प्युटरवर घेऊन आलो होतो, तासाला तेरा जीबीच्या फायली, दहा तासांच्या एकशेतीस जीबी झाल्या. जावयाने मला त्याच्या क्लाऊडच्या एक टीबीच्या फॅमिली प्लॅनमध्ये घेतलंय, तेव्हा सेटअपमध्ये मी नुसतं नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो होतो, म्हणून या फायली आपोआप वर चढत होत्या. दहाच्या स्पीडने 130 जीबी म्हणजे जवळजवळ 29 तास, आणि आमचा कॉम्प्युटर चालू असतो संध्याकाळी दोन तास, त्यातही मी रोज नव्या फायली टाकतच होतो. स्वतःच्या लग्नाने नातीचा कॉल अडवला म्हणायचा.

हे कळल्यावर मला चटकच लागली, रोज तो कॉलम बघत बसतो. त्यात एसव्हीसीहोस्ट नावाचं काहीतरी सारखं दिसतं, मला वाटलं व्हायरसच. तसं नाही, विंडोजच्या बऱ्याच सर्व्हिसेस त्या एकाच नावाखाली चालतात, टास्क मॅनेजरमध्ये उघडून बघितलं की आत कोण आहे ते कळतं. कधी तिथे डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन असतं, म्हणजे विंडोजच्या अपडेटची देवाणघेवाण. 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हा घरगुती कॉम्प्युटरवर ते असं सेट केलेलं असायचं की तुमचा कॉम्प्युटर इंटरनेटवरच्या अनोळखी कॉम्प्युटरनाही अपडेटचे तुकडे पाठवायचा, तुमच्या डेटावर. सेटिंगमध्ये बंद करता येतं, पण आधी माहीत तर पाहिजे. एसव्हीसीहोस्टवर राइट क्लिक करून फाइल कुठे आहे बघायचं, विंडोजच्या सिस्टिम32 मध्ये असेल तर साधारण काळजी नाही, डाउनलोड्समध्ये बिऊनलोड्समध्ये असेल तर मात्र जाणकाराला दाखवा. दिसला की एंड टास्क (म्हणजे जबरदस्तीने बंद) करत सुटू नका, मी एकदा केलं आणि अर्धा तास रीस्टार्ट करत बसलो.

आणखी एक, हे जरा मोठ्या अक्षरात छापा. आमच्या सोसायटीतल्या एका आजींना फोन आला, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हॅकर शिरलेत म्हणून. त्यांच्याकडून काळी विंडो उघडवली, नेटस्टॅट (कॉम्प्युटरची चालू कनेक्शन दाखवणारी कमांड) टाइप करायला लावलं, आणि पत्ते आले त्यात फॉरेन ॲड्रेस असा कॉलम, बघा परदेशातून कनेक्शन आहेत! अहो फॉरेन म्हणजे तिथे फक्त समोरच्या टोकाचं मशीन, ते ठाण्यातही असू शकतं. तुम्ही नुसता पेपर वाचायला साइट उघडली तरी तिथे ओळ दिसणार. आजींनी फोन ठेवला म्हणून वाचल्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

अर्थात टास्क मॅनेजरची यादी फक्त त्या एका कॉम्प्युटरची, टीव्ही आणि चार मोबाइल काय खातात ते त्यात दिसत नाही, त्यासाठी राउटरच्या पानात शिरावं लागतं, माझं तिथपर्यंत शिक्षण झालेलं नाही.

तर माझी विनंती अशी की नेटवाल्यांनी महागडा प्लॅन गळ्यात मारण्याआधी ग्राहकाला हा कॉलम उघडून दाखवावा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि तुम्ही राशिभविष्याला एवढी जागा देता, त्यातली चार बोटं आठवड्यातून एकदा याला द्या, मराठीत, चित्रासकट.

मी 40 चाच प्लॅन ठेवलाय. रविवारचा कॉल आता नीट होतो. राहिलेल्या कॅसेट रात्री अकरानंतर चढवायला लावतो आणि कॉम्प्युटर चालू ठेवूनच झोपतो, त्यामुळे आता घरात विजेच्या बिलावरून वेगळीच बोलाचाली सुरू झालीय.

आपला,
एक रिटायर्ड वाचक, नाशिकरोड