विषय : राउटरमधली मेमरी गळती आणि न तपासताच बंद केलेल्या तीन तक्रारी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

चिपळूणच्या आमच्या पतसंस्थेत आपल्या कंपनीचे तीन राउटर आहेत. उन्हाळ्यात महिना-महिना सुरळीत चालणारे हे राउटर पावसाळा लागला की चार-पाच दिवसांत गोठतात. तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा 'रीबूट करा' असं सांगून 'निराकरण झाले' म्हणून ती बंद केली गेली. रीबूट आमचा शिपाईही करतो.

म्हणून स्वतःच खोलात गेलो. राउटरवर लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स कार्यप्रणालीचा गाभा, आहे. पॅकेटसाठी, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांसाठी, घेतलेल्या मेमरीचा हिशेब त्याच्या 'स्लॅबइन्फो' फाइलीत दिसतो. बॅकअप इंटरनेटवर जात असताना, म्हणजे पाठवायची रांग भरलेली असताना, मी बाहेरच्या लाइनची केबल दहा वेळा काढून लावली. दर वेळी अडकलेल्या पॅकेटचा आकडा हजाराच्या आसपास वाढला. त्या रांगेची मर्यादाही १००० पॅकेटचीच आहे. एका पॅकेटमागे सव्वादोन केबी धरले तरी दहा खेपांत २२ एमबी गेले, आणि रात्रभर वाट पाहूनही परत आले नाहीत. हीच मेमरी गळती. आमच्याकडे पावसात लाइन दिवसातून कितीदा जाते ते वेगळं सांगायला नको.

माझा अंदाज असा : लाइन तुटली की ड्रायव्हर (नेटवर्कचं हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) रांगेचा आकडा शून्य करतो, पण आतली पॅकेटं मोकळी करत नाही. आमच्या काउंटरवर टोकनचा आकडा शून्यावर आणला आणि माणसं बाकावर तशीच बसून राहिली, तसं. नंतर येणाऱ्यांना बसायला जागा उरत नाही. दुरुस्ती दोन-चार ओळींची असावी. पण ड्रायव्हरचा कोड आपल्याकडे आहे, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

लिनक्स कर्नल जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. या राउटरमध्ये घातलेल्या कर्नलचा सोर्स कोड मागण्याचा हक्क मला त्यानेच दिला आहे. तो पाठवावा, किंवा पंधरा दिवसांत दुरुस्त फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) द्यावं. दोन्ही जमत नसेल तर तिन्ही राउटर परत घेऊन रक्कम द्यावी. चाचणीच्या नोंदी आणि पावत्या सोबत जोडल्या आहेत.

तूर्त रोज रात्री दोन वाजता राउटर बंद-चालू करणारे तीन टायमर बसवले आहेत. त्यांचंही बिल जोडलं आहे.

आपला,
संगणक विभाग, पतसंस्था, चिपळूण