आई-बाबा, मी बर्फात गाडी शिकले

केलाँग,
११ फेब्रुवारी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

परवा फोनवर आई रडली आणि मला पुढे काही बोलताच आलं नाही. टीव्हीवर मनालीजवळच्या सोलंगच्या उतारावर गाड्या एकामागून एक घसरताना दाखवल्या, आणि नेमकं त्याच संध्याकाळी मी बोलता बोलता सांगून टाकलं की दवाखान्याची जिप्सी आता मीही चालवते. मग रेंज गेली, ती रात्रभर आलीच नाही. तुम्ही दोघं त्या रात्री कसे झोपला असाल, हेच दोन दिवस डोक्यात आहे. म्हणून सगळं नीट लिहिते. बाबा, तुम्ही सावकाश वाचा आणि मग आईला तुमच्या शब्दांत सांगा. गाडीचं तुम्ही सांगितलेलं तिला पटतं.

आधी, मी शिकले का ते. डिसेंबरात एका रात्री गोंधल्याच्या वरच्या अंगाच्या वस्तीतून फोन आला. पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. आमच्या ड्रायव्हरला ताप होता, उभं राहता येत नव्हतं. गाडी दारात, पेट्रोल भरलेलं, बर्फासाठी चाकांवर चढवायच्या चेन मागे ठेवलेल्या आणि मी किल्ली हातात घेऊन पायरीवर उभी. बाई दुसऱ्या गाडीतून सुखरूप पोचली, बाळही चांगलं आहे. पण ते दोन तास मला विसरता येत नाहीत. एसटीच्या ड्रायव्हरची मुलगी, आणि गाडी दारात असून जागची हलू शकत नाही! दुसऱ्या दिवशी मी आमच्या ड्रायव्हरसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला शिकवा.

इथे सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही. साठी उलटली आहे त्यांची. अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाला, त्याआधी आमचं हे लाहौलचं खोरं हिवाळ्यात महिनोन् महिने तुटलेलं असायचं. त्या काळात ते रोहतांग खिंडीवरून ट्रक न्यायचे. बोलतात कमी. पहिल्या दिवशी त्यांनी मला सिस्सूजवळच्या सपाट मोकळ्या जागेवर नेलं. रात्री गोठून बर्फ टणक झालेलं. एक पिवळा कॅन ठेवला आणि म्हणाले, वीसच्या वेगाने या आणि कॅनशी पोचलात की ब्रेक दाबा. बास.

बाबा, मी ब्रेक दाबला आणि गाडी चालतच राहिली. चाकं थांबली होती, गाडी नाही. थांबल्यावर त्यांनी मला खाली उतरवून पावलं मोजायला लावली. बावीस पावलं! वीसचा वेग म्हणजे आपल्या बाजारपेठेतून सायकल जाते तेवढा. वेग दुप्पट केला की थांबायचं अंतर चौपट होतं, म्हणजे चाळीसला साठेक मीटर. कोरड्या डांबरावर त्याच चाळीसच्या वेगात ब्रेक लागल्यावर नऊ-दहा मीटरमध्ये गाडी उभी राहते. तो सबंध दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. संध्याकाळी उस्ताद एवढंच म्हणाले, "मॅडम, फोर-बाय-फोर चलाती है, रोकती नहीं."

टीव्हीवर दिसलेल्या त्या गाड्यांत फोर-बाय-फोरवाल्याही असतात, त्याचं कारण हेच. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की गाडी चढ चढते, रुतलेली निघते, आणि चालवणाऱ्याला वाटतं की बर्फ आपल्या ताब्यात आलं. पण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. थांबताना फोर-बाय-फोर कुठलीही जादू करत नाही. तिथे फक्त टायर आणि बर्फ यांच्यातली पकड उरते, आणि ती कोरड्या रस्त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढीच असते. मला जर कुणी पर्यटकांना एकच वाक्य सांगायला दिलं, तर मी हेच सांगेन.

आता तुम्हाला आवडेल ते. आमच्या जिप्सीत गिअरच्या शेजारी आणखी एक छोटा दांडा आहे. टू-हायला मागची दोनच चाकं ओढतात. फोर-हायला चाकांकडे ताकद नेणारे पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, दोन्ही एकाच वेगाने फिरतात. फोर-लो म्हणजे तेच, पण वेग अगदी कमी आणि ओढ जास्त. तो टाकायला गाडी पूर्ण उभी करावी लागते. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात ना? शाफ्ट बांधलेले असले की तो फरक कुठेतरी जिरावा लागतो. बर्फावर चाकं किंचित सरकतात आणि तो जिरतो. कोरड्या डांबरावर जिरत नाही, गिअरवर ताण साठतो, स्टिअरिंग जड होतं. म्हणून औषधं आणायला मनालीला जाताना बोगद्याच्या तोंडाशी आले की मी दांडा टू-हायला घेते, आत ९ किलोमीटर कोरडा रस्ता. पलीकडे बाहेर पडण्याआधीच वेग उतरवते, कारण बोगद्याच्या या तोंडाशी ऊन आणि त्या तोंडाशी हिमवर्षाव, असं इथे नेहमीचं आहे.

आणखी एक. चार चाकं म्हटलं तरी दोन्ही अ‍ॅक्सलना आपापला डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, आहेच. पुढचं एक आणि मागचं एक चाक काचेसारख्या बर्फावर आलं की ती दोनच गरगर फिरतात आणि गाडी जागच्या जागी. तेव्हा रेस वाढवायची नाही. फिरणारं चाक तापतं, खालचं बर्फ वितळून पुन्हा गोठतं आणि आपणच आपल्यासाठी आणखी गुळगुळीत खड्डा तयार करतो. उतरायचं, बेलच्याने मोकळं करायचं, वाळू टाकायची.

तुम्ही शिकवलेलं इथे किती उपयोगी पडलं, हे मला तुम्हाला सांगायचंच होतं. वरंधा घाटात तुम्ही म्हणायचात, ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकवर उभी राहू नकोस. उस्तादांनी हेच हिंदीत सांगितलं तेव्हा मला तुमचाच आवाज ऐकू आला. थोडा फरक आहे. अगदी गुळगुळीत उतारावर फोर-लोचा पहिला गिअर टाकला, तर इंजिनच चाकांना इतकं धरून ठेवतं की तीच घसरायला लागतात. म्हणून फोर-हाय, दुसरा गिअर, पाय अगदी हलका. ब्रेक लागलाच तर थोडा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, कारण आमच्या या जुन्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जॅम होऊ न देणारी सोय, नाही. वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करून घ्यायचा. वळणात ना ब्रेक, ना रेस. पकड एका वेळी एकाच कामाला पुरते: एक तर वळा, नाहीतर थांबा.

आता जे मी तुमच्यापासून लपवलं, ते लिहिते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी सिस्सूहून केलाँगकडे येत होते. शेजारी उस्ताद होते. येताना चंद्रा नदी डावीकडे, आपल्याच बाजूला असते, खोल दरीत. दुपारचे साडेचार. उन्हात वितळलेलं पाणी डोंगराच्या सावलीत रस्त्यावर पुन्हा गोठलं होतं. रस्ता नुसता ओला दिसत होता. उस्ताद त्याला शीशा म्हणतात. वेग पंचवीससुद्धा नसेल. एका वळणात गाडीचा मागचा भाग डावीकडे, नदीकडे सरकला. वरंध्यात शेवाळावर गाडीची पाठ सरकते तशीच, फक्त थांबेचना. बाबा, अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो आणि हात डोंगराकडे वळतात. दोन्ही चूक. पाठ ज्या बाजूला सरकते त्याच बाजूला स्टिअरिंग द्यायचं असतं, म्हणजे नदीकडे. मैदानावर मी ते शंभर वेळा केलं होतं. तिथे नदी नव्हती. उस्ताद ओरडले नाहीत, माझ्या हाताला हात लावला नाही, फक्त "पैर उठाओ, दूर देखो" म्हणाले. मी ब्रेकवरचा पाय उचलला, क्लच दाबला, स्टिअरिंग थोडं डावीकडे दिलं आणि नदीकडे न बघता पुढच्या वळणाकडे बघितलं. जिथे बघतो तिकडे हात जातात, हे अगदी खरं आहे. गाडी सरळ झाली. समोरून कुणी येत नव्हतं, तेव्हा मी ती हळूहळू डोंगराच्या बाजूच्या बर्फाच्या ढिगात टेकवून उभी केली. त्यानंतर मला बराच वेळ किल्ली फिरवता आली नाही. उस्तादांनी थर्मासमधला चहा दिला. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही त्याबद्दल माफ करा. पण त्या दिवसानंतर मी उशिरा निघणं बंद केलं. रस्ता दिवसातून दोनदा बदलतो: उन्हात तो मऊ होतो, आणि ऊन डोंगराआड गेलं की काच. कडाक्याच्या थंडीतल्या कोरड्या बर्फावर चाकं त्यातल्या त्यात बरी धरतात. खरा धोका शून्याच्या आसपास, पाण्याचा पातळ थर वर असतो तेव्हा. पूल तर सगळ्यात आधी गोठतात, खालूनही वारा लागतो म्हणून.

आई, तुला गाडीत काय काय असतं ते सांगते, म्हणजे जिवाला बरं वाटेल. चारही चाकांच्या चेन, आणि त्या अंधारात, हातमोजे घालून, वीस मिनिटांत लावण्याचा सराव मी अंगणात केला आहे. चेन लावल्यावर तीसच्या वर जायचं नाही आणि डांबर दिसलं की काढायच्या. बेलचा, वाळूच्या दोन पिशव्या, ओढायचा दोर, टॉर्च, तू दिलेली घोंगडी, खजूर, चिक्की, पाणी. अडकून पडलेच तर इंजिन सतत चालू ठेवून काचा लावून बसायचं नाही, हे मला डॉक्टर म्हणूनही माहीत आहे. मागची धुराची नळी बर्फाने बुजली की विषारी वायू आत येतो आणि माणूस झोपेतच जातो. आधी नळी मोकळी करायची, मग थोडा वेळ इंजिन, काच बोटभर उघडी.

आणि कधी निघायचं नाही, हेही ठरलेलं आहे. डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा असला तर नाही. ताजं बर्फ पडत असताना, सीमा सडक संघटनेच्या मशीनने रस्ता उघडेपर्यंत नाही. वरून नाले उतरतात तिथे गाडी उभी करायची नाही, फोटोसाठीसुद्धा. आपल्या घरातून २ ऑगस्ट २०१६ ची रात्र अजून गेलेली नाही, मला ठाऊक आहे. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल पुरात गेला, दोन एसट्या माणसांसकट गेल्या, आणि बाबा, तुम्ही पहाटे नदीकाठी जाऊन उभे राहिलात. परत येऊन तुम्ही एकच म्हणालात, दिसत नाही तो रस्ता नाही. धुकं दाटलं किंवा वाऱ्याने बर्फ उडून समोरचं दिसेनासं झालं की मी तुमचं ते वाक्य म्हणते आणि थांबते. दोनदा मी अर्ध्या वाटेतून परत फिरले आहे. एकदा पेशंटचे नातेवाईक फोनवर रागावले. तरी मी परत फिरले ते बरोबरच होतं.

गेल्या मंगळवारी मात्र पोचले. उस्ताद सणासाठी गावी गेले होते. रात्री नऊला फोन आला, एका आजोबांना श्वास लागला होता. आकाश निरभ्र, इशारा नाही, रस्ता संध्याकाळीच साफ केलेला. नर्स सोबत होती. चेन लावल्या, फोर-हाय, दुसरा गिअर. नऊ किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. संपूर्ण वाटेत मी एकदाही जोरात ब्रेक दाबला नाही. आजोबांना ऑक्सिजन लावला, औषध दिलं, आणि पहाटेपर्यंत तिथेच तंदूरजवळ बसले. इथे खोली गरम ठेवणाऱ्या लोखंडी शेगडीला तंदूर म्हणतात. आजींनी विचारलं, गाडी कुणी शिकवली? मी दोन नावं सांगितली. आधी तुमचं, मग उस्तादांचं.

मे महिन्यात रस्ते मोकळे झाले की तुम्ही दोघं या. बाबा, तुम्ही माझ्या शेजारी बसा आणि वळणावर माझा पाय कुठे असतो ते बघा. आई मागे बसेल, तिला खिडकी लागते.

एक काम आहे. इथे हँडब्रेक ओढून ठेवला की रात्रीत गोठतो आणि सकाळी सुटत नाही. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावतात. पण दगडही जमिनीला चिकटून बसतात, नाहीतर बर्फावरून सरकतात. तुमच्या एसटीच्या दिवसांतला तो लाकडी ठोकळा, खाली खिळ्यांची टोकं काढलेला, माळ्यावर जुन्या ट्रंकेच्या मागे असेल. तो पार्सलने पाठवा. दोन असतील तर दोन्ही पाठवा.

तुमची,
ताई