आजोबांचा मिनोल्टा आणि त्याचा हलत नसलेला काटा

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या मिनोल्टा एसआरटी १०१ या फिल्मच्या कॅमेऱ्यातला, उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा ढिम्म हलत नाही, असं तू कळवलंस. काळजी करू नकोस. या कॅमेऱ्यात सेल फक्त मीटरसाठी लागतो. शटर सगळं यांत्रिक आहे, एक सेकंदापासून १/१००० पर्यंतचे वेग सेलशिवायही चालतात. म्हणजे मीटर कायमचा गेला तरी कॅमेरा निकामी होत नाही. पण तो गेलाय असं इतक्यात मानू नकोस.

कॅमेरा उलटा कर. तळाशी गोल स्विच आहे, त्यावर ऑफ, ऑन आणि बी.सी. अशा खुणा आहेत. बी.सी. म्हणजे सेलची तपासणी. स्विच तिथे ने आणि व्ह्यूफाइंडरमधून बघ. काटा छोट्या चौकोनी खुणेपर्यंत किंवा तिच्यापुढे जायला हवा. नाही गेला तर शेजारचं झाकण नाण्याने उघड. आत पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर गळलेल्या सेलचा क्षार समज. तो अल्कली असतो, म्हणून कापसाच्या काडीला अगदी थोडं व्हिनेगर लावून पुसायचा. व्हिनेगर आत ओतायचं नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलची दुसरी काडी फिरव, वाळू दे आणि संपर्काची पट्टी पेन्सिलच्या खोडरबराने घास. स्विचही वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरव, त्याच्या संपर्कांवरही काळपट थर बसतो.

आता खरी मेख. हा कॅमेरा १९६६चा, आणि त्याचा मीटर पीएक्स ६२५ या पाऱ्याच्या सेलसाठी बेतलेला. तो सेल १.३५ व्होल्ट द्यायचा आणि संपेपर्यंत जवळजवळ तेवढेच देत राहायचा. पाऱ्याच्या विषारीपणामुळे असे सेल बंद झाले. (१९७०च्या दशकात जपानमधल्या मिनामाता गावातल्या पाऱ्याच्या विषबाधेची छायाचित्रं अमेरिकन छायाचित्रकार युजीन स्मिथने याच मॉडेलने काढली, हा योगायोग मला नेहमी चटका लावतो.) दुकानदार आता त्याच मापाचा अल्कलाइन सेल देतो. तो १.५ व्होल्टचा, शिवाय वापरता वापरता उतरत जाणारा. व्होल्ट जास्त मिळाले की काट्याकडे प्रवाह जास्त जातो, मीटरला उजेड आहे त्याहून अधिक वाटतो, तू अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) आवळतेस आणि निगेटिव्ह उजेड कमी मिळून पातळ येते. चूक साधारण अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि सेल उतरेल तशी बदलती. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल १.५५ व्होल्टवर स्थिर राहतो, म्हणजे चूक आहे पण निदान एकसारखी.

माझं मत विचारशील तर श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घे. श्रवणयंत्रांच्या दुकानात निळ्या पट्टीचा मागायचा. १.४ व्होल्ट, म्हणजे जुन्या सेलच्या अगदी जवळ, आणि स्थिर. पट्टी सोलल्यावर हवा आत जायला काही मिनिटं जाऊ देत, मगच बसव. तो ११.६ मिलिमीटर रुंद आहे आणि खोबणी सुमारे १६ची, त्यामुळे भोवती रबरी ओ-रिंग हवी. अधिकची, म्हणजे भोकांची बाजू झाकणाकडे. उंचीही थोडी कमी पडते. संपर्क लागत नसेल तर झाकणाच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलची छोटी घडी ठेव, पण सेलची भोकं बुजवू नकोस. एकदा सोललेला सेल वापरला नाही तरी काही आठवडे-महिन्यांत संपतो. फिल्म काढायच्या दिवसांतच बसव, आणि काम झालं की स्विच ऑफ. ऑनवर राहिला तर सेल आतल्या आत संपत राहतो.

नवा सेल असूनही काटा मेलेलाच? मग बहुधा सेलच्या खोबणीखालची बारीक तार क्षाराने हिरवी होऊन तुटलेली असते. तळाची पट्टी स्क्रू काढून उघडता येते आणि मल्टिमीटरने तारेत प्रवाह जातो का ते कळतं, पण तार डाख लावून (सोल्डर करून) जोडणं कॅमेरा दुरुस्त करणाऱ्यावर सोपव.

मीटरचा काटा हलतो पण त्याच्याशी जुळवायचा गोल टोकाचा दुसरा काटा अ‍ॅपर्चर फिरवल्यावर त्याच्या मागे येत नाही, असं असेल तर सेलला दोष देऊ नकोस. लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगवरचा दाता बॉडीच्या रिंगशी गुंतलेला नसणार. लेन्स काढून पुन्हा नीट लाव. एमसी (म्हणजे मीटरशी जोडलेली) अशी खूण नसलेल्या मिनोल्टाच्या जुन्या रोकोर लेन्सला तो दाता नसतोच. तिथे डेप्थ-ऑफ-फील्डचं बटण दाबून, अ‍ॅपर्चर प्रत्यक्ष मिटवूनच मोजावं लागतं.

मग पडताळा. शटरच्या तबकडीची बाहेरची कड वर उचलून एएसए (फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) २०० लाव, वेग १/२५०. स्वच्छ उन्हात दुपारी हिरवळीवर किंवा जुन्या डांबरी रस्त्यावर कॅमेरा रोख, पांढऱ्या भिंतीवर नको. दोन्ही काटे एफ/१६ च्या आसपास जुळायला हवेत. तोच पडताळा सावलीत आणि घरात फोनवरच्या मीटरच्या अ‍ॅपशी कर. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच आला तर तेवढा एएसए बदलून काम भागतं: ४०० च्या फिल्मला मीटर एक स्टॉप जास्त उजेड दाखवत असेल तर तबकडीवर २००. उन्हात बरोबर आणि घरात चूक, असा फरक निघाला तर प्रकाशसंवेदी सेल म्हातारे झालेत, किंवा व्होल्ट अजून चुकतंय. हे कॅडमियम सल्फाइडचे सेल मंदही असतात. उन्हातून आत आल्यावर थोडा वेळ दम धर.

आणखी एक खोड. पेंटाप्रिझमवर (व्ह्यूफाइंडरच्या वरच्या काचेच्या लोलकावर) असे दोन प्रकाशसंवेदी सेल आहेत, एक चित्राच्या वरच्या भागासाठी, दुसरा खालच्यासाठी, म्हणजे आभाळामुळे मीटर फसू नये. पण ही हुशारी कॅमेरा आडवा धरला असेल तेवढीच. उभं चित्र घ्यायचं असेल तर आधी आडवा धरून मोज, मग फिरव. शंका आली तर रंगीत निगेटिव्हला उजेड थोडा जास्तच दे, तिला तो सोसतो, स्लाइडला नाही.

फिल्म भरण्याआधी तिन्ही ठिकाणचे आकडे पाठव. सेल कुठला लावलास तेही लिही.

तुझी,
आई