बाबा, जाळी कुठे अडकतात ते सांगा

मालवण,
18 जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं म्हणून दादाने कळवलं, बरं वाटलं. थेंब वेळेवर घाल, आणि इतक्यात भाकऱ्या थापायला बसू नकोस.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. काल किल्ल्याच्या मागच्या बाजूला बुडी मारली. खडकाला जुनं नायलॉनचं जाळं अडकलेलं होतं. लाटेबरोबर ते पुढे-मागे सरकायचं आणि प्रत्येक वेळी खालच्या प्रवाळावर घासायचं. जिथे घासलं होतं तिथे पांढरं पडलं होतं, बाकीच्यावर जाळ्याची सावली आणि शेवाळ. एक कुर्ली अडकली होती, जिवंत. तिला सोडवायलाच पाच मिनिटं गेली.

जाळं कुणाचं ते कळायला मार्ग नाही. पण मी दहावीत असताना आपलं जाळं असंच अडकलं होतं, ओढून निघेना म्हणून तुम्ही कापून सोडलंत आणि त्या रात्री जेवला नाहीत, ते आठवलं. आजोबांचं सुताचं जाळं निदान कुजून तरी जायचं. हे कुजत नाही.

वरून होडीने ओढलं तर प्रवाळ मोडून वर येतं. म्हणून खालीच कात्रीने थोडं थोडं कापावं लागतं, जाळ्याला वजनासाठी लावलेलं शिसं वेगळं काढावं लागतं. प्रवाळाने जो धागा आत घेतलाय तो तसाच ठेवतो. गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतं, बाबा. टोपलीएवढं व्हायला वीस-पंचवीस वर्षं जातात, आणि त्याच्याच कपारीत मासळीची पिल्लं वाढतात.

1987 साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं. तुमचा विरोध होता. पोटाची भीती होती, ती खोटी नव्हती. 2001 पासून कायद्याने प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे. पण जाळं खाली नेमकं कुठे अडकलंय, ते कायद्याच्या कागदावर नाही. ते तुम्हाला माहीत आहे. देवळाचं शिखर कुठल्या माडाच्या रेषेत आलं की जाळं टाकायचं नाही, हे तुम्ही मला होडीत बसून दाखवायचात. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

त्या सगळ्या खुणा दादाच्या मुलीला सांगा, ती लिहून घेईल. नांगर कुठे टाकू नये तेही सांगा, तिथे आम्ही खुणेला तरंगत्या बोया बांधू. पावसाळ्याआधी जितकं निघेल तितकं काढायचं आहे.

आई, येताना बाबांची जुनी वही सापडली तर घेऊन ये.

तुमचा,
बाळू